सोमवारी थांबणाऱ्या मधमाश्या

ल्युब्लियाना, १४ मार्च २०२३

बाबा,

फोनवर तुम्ही "आईला देतो" म्हणून रिसीव्हर देऊन टाकता आणि हे काम आईमार्फत होण्यासारखं नाही, म्हणून लिहिते आहे. ही तक्रार नाही. नोंद आहे.

शनिवारी झाब्रेगच्या गिर्यारोहक मंडळाच्या वार्षिक सभेत, गुलाश संपल्यावर आणि अक्रोडाची गोड पोतित्सा कापायच्या आधी, तुम्ही जाहीर केलंत की सप्टेंबरात मंडळाची चाळिसावी त्रिग्लाव चढाई तुम्हीच नेणार, ती तुमची शेवटची, आणि या वेळी तुमची मुलगीही शिखरावर उभी राहील. मला आधी विचारलं नव्हतंत. मी बसल्या जागेवरून म्हटलं की जमणार नाही, दुसऱ्या दिवशी मी आजारी पडते. त्यावर तुम्ही साठ माणसांना सांगितलंत, "माझ्या लेकीला रकसॅक बघितली की ताप भरतो."

माणसं हसली. तुमचे मधमाश्यांतले दोस्त त्सिरिल काका सगळ्यात जास्त वेळ हसले. मी कोट घेतला आणि गाडीपर्यंत चालत गेले.

आपल्याकडे म्हणतात की जो देशातल्या सर्वांत उंच त्रिग्लाववर एकदा चढला नाही तो खरा स्लोव्हेनियन नव्हे. मी सत्तावीस वर्षांची आहे, कर वेळेवर भरते आणि अजून खरी झालेली नाही. याची कारणं तुमच्यापाशी लेखी असावीत.

जोराचे श्रम केले की, चालायला लागल्यापासून सुमारे एकोणीस तासांनी माझा घसा धरतो, थंडी वाजते, अंग ठेचल्यासारखं दुखतं आणि ताप ३८.१पर्यंत जातो. दोन दिवस राहतो आणि मग काही झालंच नव्हतं असा निघून जातो. फ्लूची सगळी लक्षणं आहेत, फ्लू तेवढा नाही. रक्त तपासलं, घशातला नमुना तपासला, त्यात काही सापडत नाही. सहा डॉक्टर झाले. दोघांनी अ‍ॅलर्जी म्हटलं. एकाने थायरॉईड तपासून तो उत्तम असल्याबद्दल माझं अभिनंदन केलं. एकाने विचारलं की मी नोकरीत सुखी आहे का. पाचव्याने भरपूर व्यायाम करायला सांगितलं. सहाव्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "कारण माहीत नाही. पण तुम्ही खोटं बोलत नाही आहात." मी आता त्यांच्याकडेच जाते.

चौदाव्या वर्षी तुमच्याबरोबर निघाले होते तेव्हा हेच झालं. सकाळी सातला चालायला लागलो, शिखराखालच्या निवाऱ्यात मुक्काम केला आणि पहाटे दोनला मला हुडहुडी भरली. सकाळी बावीस मुलं वर गेली, पहिल्यांदा चढणाऱ्यांच्या रिवाजाप्रमाणे त्यांना दोराचे फटके बसले आणि ती खरी होऊन खाली आली. मी तीन घोंगड्यांखाली होते. तुम्ही दारात उभे राहून म्हणालात, कड्याला घाबरली असशील तर सांग, त्यात लाज नाही. कड्याची मला भीती वाटली नव्हती. कडा मी पाहिलाच नव्हता.

आदल्या दिवशी वाटेत मी तुम्हाला 'तू' म्हटलं होतं, कारण हजार मीटरच्या वर सगळे एकमेकांना तू म्हणतात आणि बाकीची मुलंही म्हणत होती. तुम्ही म्हणालात, "उंची बदलली म्हणून बाप बदलत नाही." हे विषयाला सोडून झालं.

सोबत एक थर्मामीटर पाठवते आहे. माझी नोकरी थर्मामीटर तपासायची आहे. तुम्ही लोकांना "ती तापावर काम करते" असं सांगता, ते चूक आहे. हा मी स्वतः तपासला आहे आणि प्रमाणपत्र जोडलं आहे. ३८ अंशांच्या आसपास तो ०.१ जास्त दाखवतो, तेवढं वजा करायचं. पुढच्या वेळी मी घरी आजारी पडेन तेव्हा तुम्ही स्वतः लावून बघा आणि जो आकडा येईल त्यावर विश्वास ठेवा. मला एवढंच हवं आहे. शिखर नको.

ब्रिना


२० एप्रिल

बाबा,

पार्सल मिळालं. तुमच्या मधमाश्यांच्या प्रोपोलिसचा, म्हणजे पोळ्यातल्या डिंकाचा, अर्क दोन बाटल्या, रानओव्याचा चहा, लोकरीचा एक बनियन, मापावरून आजोबांचा. आईच्या चिठ्ठीत घरातली मतंही मिळाली. तुमचं मत, मी ओल्या केसांनी बाहेर जाते. यूस्ता आत्याचं मत, वाऱ्याचा झोत. आईचं मत, घरात सपाता घालत नाही.

तिन्ही तपासली.

वाऱ्याचा झोत: समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या उघडून मधे चार तास वाचत बसले. तिसऱ्या तासाला खालच्या मजल्यावरच्या झ्द्रावका बाई वर आल्या आणि माझ्या जिवाची शपथ घालून एक खिडकी लावून गेल्या. ती मी पुन्हा उघडली. ताप आला नाही. ओले केस: सकाळी सहा अंशांत, डोकं निथळत, बाजारात जाऊन आले. तीन अनोळखी माणसं रागावली, त्यातल्या एकाने आपली टोपी देऊ केली. ताप आला नाही. सपाता: आठवडाभर अनवाणी राहिले. झ्द्रावका बाईंनी दाराबाहेर एक जोड आणून ठेवला. ताप नाही.

मग सायकल. आमच्या तळघरात एक स्थिर सायकल आहे. माझा सहकारी गोराज्द तुलनेसाठी तयार झाला. दोघांनी चाळीस मिनिटं सारख्याच जोराने पायडल मारलं. गोराज्दला भूक लागली. मला एकोणीस तास दहा मिनिटांनी ३८.०. आठ-आठ दिवसांनी आणखी दोनदा केलं, तेच झालं. तिसऱ्या वेळी तो माझ्या घरी न सांगता सूप घेऊन आला. ते निरीक्षणात धरलेलं नाही.

तुमचा अर्क एकदा घेतला, दोनदा घेतला नाही. तापात फरक नाही. वास सगळीकडे आहे.

आई म्हणते, तुम्ही थर्मामीटर पेट्यांच्या खोपीत नेऊन माश्यांच्या पिल्लांजवळ लावला आहे. तो माणसांचा आहे. पण पिल्लांपाशी पस्तीस अंश असतात हे मला माहीत आहे, म्हणजे निदान त्याच्या टप्प्यात तरी आहे. आकडे लिहून ठेवा.

ब्रिना


९ जून

बाबा,

तुमच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या तयारीबद्दल मला काहीही माहीत नाही, तेव्हा विचारू नका.

माझे काही प्रश्न आहेत, सहज पडलेले. पहिल्या पेटीखालचा तराजू आजोबांचाच आहे ना? त्याचा काटा कधी अडकतो का, विशेषतः आठवड्याच्या सुरुवातीला? वजन रोज संध्याकाळी एकाच वेळी घेता का? स्वतःच घेता, की कधी आई घेते? खूप उशिरा घेतलं तर तुमचं अक्षर बिघडतं का?

कामासाठी विचारते आहे. जुन्या तराजूंबद्दल वाचते आहे सध्या.

परवा बस चुकू नये म्हणून दोन थांब्यांमधलं अंतर धावले. काल घरी होते. एवढंच.

ब्रिना


३ जुलै

बाबा,

आईने तुमचं उत्तर कळवलं: तराजू आजोबांनी त्सेल्येच्या बाजारातून आणला, साठ वर्षांत दाण्याइतकाही चुकला नाही, आणि कुणाला शंका असेल तर त्याने येऊन त्यावर उभं राहावं. तराजूबद्दल मला शंका नाही. तो निर्दोष आहे हीच अडचण आहे.

आता खरं सांगते. मे महिन्यात आईने बटाट्यांच्या क्रेटमध्ये घालून, बसच्या ड्रायव्हरच्या हाती, तुमच्या पेटीच्या वजनांच्या तेरा वह्या मला पाठवल्या. मधमाशीपालक संघाला तुमच्या वाढदिवशी चाळीस वर्षांच्या नोंदींचा मोठा आलेख अग्निशमन दलाच्या सभागृहात लावायचा आहे. ही तुमच्यापासून लपवायची गोष्ट होती. ती फोडते आहे, कारण त्याशिवाय पुढचं सांगता येत नाही.

मी आकडे संगणकात भरत होते. रविवार, २२ जून १९९७: ४७.३ किलो. सोमवार ४७.३. मंगळवार ४७.३. बुधवार ५४.१. लिंडनची झाडं बहरात, हवा कोरडी, तुमच्याच शेऱ्याप्रमाणे "माश्या वेड्यासारख्या येतात", आणि पेटी दोन दिवस ढिम्म. मग एका दिवसात सहा किलो आठशे ग्रॅम. मला वाटलं काटा अडकला. मग असंच दुसरीकडे सापडलं, मग तिसरीकडे. पावसाळी आठवड्यात माश्या साठा खातात आणि वजन उतरतं, तेव्हाही तुमच्या माश्या सोमवार-मंगळवार काही खात नाहीत. असे एकूण सहाशे चोवीस दिवस आहेत.

माझ्या आधी हे त्सिरिल काकांच्या लक्षात आलं होतं. संघाच्या १९९८च्या वार्तापत्रात त्यांचा लेख आहे, की रविवारी चर्चच्या घंटांनी माश्या थकतात आणि पुढचे दोन दिवस विश्रांती घेतात. पुरावा म्हणून तुमचे आकडे. हा सिद्धांत ते सीमेपलीकडे ऑस्ट्रियातही जाऊन सांगून आले. वार्तापत्रात फोटो आहे. तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात.

मी वह्यांशेजारी मंडळाच्या सहलींची यादी ठेवली. घंटा दर रविवारी वाजतात. माश्या मात्र तुम्ही डोंगरावरून आलात की मगच थांबतात. तीनशे बारा सहली, प्रत्येकीनंतर दोन दिवस. सहल पावसामुळे रद्द झाली त्या आठवड्यांत सोमवारचा आकडा खरा आहे. अपवाद एकही नाही. इतका स्वच्छ संबंध मला नोकरीत कधी मिळालेला नाही.

माश्या डोंगर चढत नाहीत, बाबा.

मला आठवतं ते असं. सोमवारी तुमच्या खिडक्यांच्या कारखान्याच्या दारावर पाटी असायची, "मोजमापं घ्यायला गेलो आहे". तुमची गाडी अंगणातच असायची. खोपीचं दार आतून बंद. मी विचारलं की आई म्हणायची, बाबा माश्यांपाशी आहेत, दंगा करू नकोस. संध्याकाळी ती दुधाच्या किटलीतून शेवयांचं सूप घेऊन खोपीकडे जायची. माश्यांना शेवयांचं सूप लागत नाही, हे मला सातव्या वर्षी कळायला हवं होतं.

त्रिग्लावच्या प्रत्येक रविवारी रात्री आठचा आकडा खरा आहे, पण हात थरथरलेला आहे. २००९ साली '३' दोनदा गिरवलेला आहे. शनिवारी सकाळी सातला चालायला लागता, म्हणजे तुम्हाला सदतीस तास लागतात. मला एकोणीस. मधे अठरा तास. त्या अठरा तासांत शिखर येतं, फोटो निघतो आणि बस गावात पोचते. तुमचा ताप घरी येऊन चढतो आणि माझा निवाऱ्यात. आपल्या दोघांत फरक एवढाच आहे, आणि त्याच्यावर तुम्ही मंडळाचे नेते झालात आणि मी रकसॅकला घाबरणारी.

पुढचं वाक्य मी दहा दिवस टाळते आहे. चौदाव्या वर्षी तुम्ही दारात उभे राहून मला कड्याबद्दल विचारलंत, तेव्हा तुम्हाला माहीत होतं.

मी कुणाला सांगणार नाही. आईला सांगायचा प्रश्न नाही, किटली तिचीच होती. मला फक्त तुमच्याकडून ऐकायचं आहे. एक ओळ पुरे.

ब्रिना


२८ जुलै

बाबा,

पंचवीस दिवस झाले.

आई म्हणते तुम्ही जेवता, पण बोलत नाही, आणि शाळेच्या खिडकीची एकाच चौकटीला तीनदा रंधा मारला. "आता ती पोपटाच्या पिंजऱ्याला बसेल," म्हणाली. वह्या मुद्दाम पाठवल्यास का, असं मी तिला सरळ विचारलं. ती म्हणाली, "मला आकड्यांतलं काय कळतं, बाई? संघाने मागितल्या, मी पाठवल्या." आणि वर, "वाचल्यास वाटतं."

मार्चच्या पत्रात माझी एक चूक आहे, ती दुरुस्त करते. सभेतून गाडीपर्यंत मी चालत गेले असं लिहिलं होतं. धावत गेले. चारशे मीटर, पूर्ण चढ, बुटांची नाडी सुटलेली. दुसऱ्या दिवशी ३८.३, हा आजवरचा उच्चांक आहे. ऑफिसला मी कळवलं की फ्लू झाला. आजवर नेहमी हेच कळवत आले. सहा वर्षांत मला सतरा वेळा फ्लू झालेला आहे आणि कुणीही मला काही विचारत नाही, फक्त दर हिवाळ्यात लस घ्यायला पहिली पाठवतात. म्हणजे खोटी नोंद मीही करते. तुमचं पत्र आलं असतं तर हे लिहिलं नसतं.

आलेख तयार आहे, तीन मीटर लांब. तुमचे आकडे जसेच्या तसे घालायचे तर सहाशे चोवीस खोटे आकडे मला माझ्या हाताने काढावे लागतात. ते मला जमत नाही. ते खोडून कारण लिहायचं, तर तेही जमत नाही. म्हणून ते दिवस मोकळे सोडले आहेत. खाली बारीक अक्षरात लिहिलं आहे, "नोंद घेतलेली नाही". हे खरं आहे. कुणी विचारलं तर सांगा की मोजमापं घ्यायला गेलो होतो. मी मान हलवीन.

वाढदिवसाला येईन. सप्टेंबरच्या चढाईला येणार नाही.

ब्रिना


२८ ऑगस्ट

बाबा,

परवा तुम्ही तिथे होतात, तरी लिहिते आहे. एक तर आपण बोललो नाही. दुसरं म्हणजे तुम्ही पूर्ण वेळ भिंतीकडे बघत होतात आणि मी लोकांकडे, तेव्हा लोकांचे चेहरे तुम्हाला माहीत नसणार.

त्सिरिल काका आलेखासमोर गेले तेव्हा त्यांचा चेहरा आनंदी होता. त्यांनी आपला सिद्धांत शोधायला चष्मा लावला. मग नाक कागदाला टेकेपर्यंत पुढे झाले. "ब्लाझ, तुझा आलेख उंदरांनी खाल्लाय," म्हणाले. आणि मग बोट फिरवत, "सोमवार, मंगळवार. सोमवार, मंगळवार." शेवटी माझ्याकडे वळले. "पोरी, आकडे हरवलेस?"

मी म्हटलं, "नोंद घेतलेली नाही."

"असं कसं? मी वाचलेत ते. लेख लिहिलाय त्यांच्यावर."

इथे तुम्ही मोजमापांचं सांगायचं होतं. मी मान हलवायच्या तयारीत होते. अ‍ॅकॉर्डियनवाल्याने वाजवणं थांबवलं, ते या सगळ्यासाठी नव्हे, त्याला सॉसेज आलं होतं. पण त्यामुळे तुमचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"मी आजारी असायचो," तुम्ही म्हणालात. "डोंगरावरून आलो की दोन दिवस ताप. तराजूपर्यंत जाववत नसे. आदल्या दिवसाचा आकडा लिहायचो. चाळीस वर्षं."

तुम्ही भिंतीकडे बघत होतात म्हणून सांगते, कुणीही हसलं नाही. सगळे एकमेकांकडे बघत होते, आणि ते आश्चर्य नव्हतं. ज्याची तयारी नव्हती असं काही ऐकल्यावर माणसं हिशेब बदलतात, तसं काहीतरी चाललं होतं. मग त्सिरिल काका म्हणाले, "ताप? म्हणजे दारू नव्हे?"

"कसली दारू?"

"अरे, साऱ्या गावाला वाटतं तू सोमवारी खोपीत पीत बसतोस. म्हणून तर सोमवारी तुझ्याकडे कुणी खिडकी मागायला येत नाही. प्यालेला असला तरी ब्लाझ तराजू बघायला चुकत नाही, असं मी लोकांना अभिमानाने सांगत आलो."

यूस्ता आत्या म्हणाली, "तीस वर्षं तुझी सुटावी म्हणून मेणबत्ती लावते आहे मी. वर्षाला दोन."

तुम्हाला एवढं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. लग्नातसुद्धा अर्धा पेला घेणारा माणूस, आणि त्याला गावाने चाळीस वर्षं प्रेमाने सांभाळून घेतलेलं. तुम्ही विचारलंत की मग इतकी वर्षं मला चढाया का नेऊ दिल्यात, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "शनिवारी तू शुद्धीवर असायचास ना."

तेव्हा हसले. मीही हसले, हे नोंदवून ठेवते.

एकट्या त्सिरिल काकांना हसू आलं नाही. त्यांना तेव्हाच दुसरी गोष्ट कळत होती. "मग माझ्या माश्या?" त्यांनी विचारलं. "ऑस्ट्रियाचं काय?" तुम्ही त्यांच्या खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात की घंटांनी माश्यांना त्रास होतच असेल, फक्त तो अजून मोजलेला नाही. ते फार चांगलं बोललात.

मग तुम्ही माझ्याकडे वळलात. "आणि मार्चमध्ये मी जे बोललो, ते," एवढं म्हणालात. तेवढ्यात आईने केक आणला, सत्तर मेणबत्त्या पेटलेल्या, आणि अग्निशमन दलाचे चौघे सवयीने उठले. वाक्य तिथेच राहिलं.

मी ते पूर्ण झालं असं धरायचा प्रयत्न केला. जमत नाही. अर्ध्या नोंदीला मी पूर्ण म्हणू शकत नाही, ही माझी अडचण आहे, तुमची नाही.

या वेळी गाडीपर्यंत खरोखर चालत गेले.

ब्रिना


१४ सप्टेंबर

बाबा,

तुमच्या वहीचं पान मिळालं. तुमच्या अक्षरातलं हे मला आलेलं पहिलं पत्र, पण पत्ता आईच्या अक्षरात, म्हणून पाकीट आधी आईचं समजून बाजूला ठेवलं होतं. ते एक दिवस पडून राहिलं, त्याबद्दल क्षमा.

पान मी पुन्हा उतरवते आहे, म्हणजे दोघांकडे प्रत राहील. रविवार, ३ सप्टेंबर, चाळिसाव्या त्रिग्लावहून परत: वजन ३१.६. सोमवार: वजनाच्या रकान्यात आडवी रेघ, समासात ताप, सकाळी ३७.९, दुरुस्तीसह ३७.८, संध्याकाळी ३८.४, दुरुस्तीसह ३८.३, आणि "घसा". मंगळवार: आडवी रेघ, ३८.०, दुरुस्तीसह ३७.९. बुधवार: वजन ३०.९, ताप नाही. खाली, "या दोन दिवशी तुझ्या आईला वजन घ्यायला सांगता आलं असतं, असं त्सिरिल म्हणतो. चाळीस वर्षांत सुचलं नाही."

तुम्ही ०.१ वजा केलंत. आम्ही दिलेलं प्रमाणपत्र कुणी वाचतं, याचा माझ्या नोकरीतला हा पहिला पुरावा आहे. मी तो ऑफिसात सगळ्यांना दाखवला. आकडे कुणाचे ते सांगितलं नाही. ते विचारत होते.

आणि पानाच्या मागे: "मार्चमधल्या विधानात चूक होती. दुरुस्ती: रकसॅक बघून नाही, उचलून. आणि एकट्या लेकीला नाही, दोघांना. दारात उभा होतो तेव्हा मला माहीत होतं. तेव्हा बोललो असतो तर मुलं माझ्या मागे वर आली नसती, असं वाटलं. हे कारण आहे, सबब नव्हे."

मिळालं. यात माझ्याकडून काही वजा करायचं नाही.

२३ तारखेच्या तुमच्या सूचनेबद्दल. दोघांनीच, एका दिवसात, पोक्ल्युकाच्या पठारावरून. मी आकडेमोड केली. पहाटे चारला निघालो तर संध्याकाळी सहापर्यंत गाडीपाशी यायला हवं. माझा घसा रात्री अकराला धरेल, तुमचा रविवारी संध्याकाळी पाचला. म्हणजे दोघंही घरी असू. सहाव्या डॉक्टर बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, शहाणपणाचं नाही, पण किंमत तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे, सावकाश जा आणि नंतर दोन दिवस झोपून राहा. म्हणून माझ्या अटी अशा. दर अर्ध्या तासाला बसायचं. अकराला जिथे असू तिथून मागे वळायचं, शिखर पन्नास मीटरवर असलं तरी. तुम्ही 'आता आलंच' म्हणायचं नाही. वर पोचलो तर दोराचे फटके मी मोजून घेईन, तीन, जास्त नाही.

पानाच्या कोपऱ्यात विचारलं आहे की तो भूक लागणारा मुलगा कोण. आईचा प्रश्न आहे असं लिहिलंय, पण अक्षर तुमचं आहे. तो तुलनेसाठी घेतलेला माणूस आहे. सध्या. शनिवारी तो गाडी चालवेल, कारण परत येताना आपल्या दोघांवर भरवसा नाही. त्याच्यासाठी आईला काहीतरी भरपूर करायला सांगा. सपाता तो घरात स्वतःहून घालतो.

गाडी लावायची जागा तेराशे मीटरवर आहे. म्हणजे दार उघडल्यापासून मी तुम्हाला तू म्हणणार आहे. खाली आल्यावर पुन्हा तुम्ही.

मी आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी पोचते. दुसरा थर्मामीटर आणते आहे, तोही तपासलेला. तुमचा माश्यांना लावायचा नाही. खोपीत पेट्यांच्या डाव्या बाजूचं बाकडं माझं. त्यावरचे रंधे आणि फळ्या काढून ठेवा. दारावरची पाटी या वेळी लावू नका. वजन सोमवारी आणि मंगळवारी त्सिरिल काका घेतील. मी त्यांना फोन केला होता, ते रात्री आठला येतील आणि म्हणाले की घंटांचाही वेळ लिहून ठेवीन.

आईला सांगा, सोमवारी मोठी किटली घे. आणि चमचे दोन.

ब्रिना